मागून दिसणारी टिल्ली

बसा, बसा. सिनेमा सुरू व्हायला अजून पाऊण तास आहे. चंद्रप्पाचा प्रोजेक्टर पिशवीतून बाहेर निघालेला नाही, चुरमुऱ्यांची सुशीला कढईत परतली जातेय, आणि पुढची जागा धरायला आलेली पोरं चपला मांडून पळून गेली आहेत. तेवढ्या वेळात माझं ऐकून घ्या. एरवी माझं ऐकायला सवड कुणाला असते? दोन-दोन तास लोक टक लावून माझ्याकडंच बघतात, पण मला कुणी बघत नाही. मी पडदा. शिरूर अनंतपाळच्या बाजारतळावर महिन्यातून दोन रविवारी दोन बांबूंच्या मध्ये टांगला जातो, तो मीच.

माझं कूळ काही थोर नाही. मी साधा मांजरपाट. लालमहंमदच्या मंडप आणि बिछायत केंद्रात एका कोपऱ्यात ताग्याच्या रूपात पडलो होतो. शेजारी गाद्या, लोड, सतरंज्या, कनाती. ज्याच्या घरी कार्य निघेल त्याच्या दारात त्यांनी जायचं आणि हळदीचे डाग घेऊन परत यायचं. मलाही लग्नमंडपाचं छत व्हायचं होतं. खालून उडालेल्या चार अक्षता झेलत मी सुखानं म्हातारा झालो असतो. पण नशिबात सिनेमा होता.

त्याला कारण चंद्रप्पा. बसस्टँडसमोर त्याचं किराणा दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की गिऱ्हाइकाला साखर मागायचीही भीती वाटावी. पण आतून हा माणूस मऊ आहे, हे पोरांनी कधीच ओळखलं होतं. एका संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बारा पोरं एका मोबाइलवर वाकली होती. मागच्यांना पुढच्यांच्या टाळूशिवाय काही दिसत नव्हतं. त्यात चंद्रप्पाची नात स्वप्नाली सगळ्यांत मागं, टाचा उंचावून उभी.

"काय बघून राहिले रे एवढ्याशात?" चंद्रप्पा ओरडला. "मुंगीचं लगीन हाय का?"

पोरं पांगली. चंद्रप्पाला मात्र त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दुकानात हजर.

"लालमहंमदभाई, एक पांढरं कापड पाहिजे. पोरायला सिनेमा दावायचाय. मोठ्ठा. समद्यायला दिसला पाहिजे."

"सिनेमा फुकट हाय का?"

"फुकट न्हाई तर काय."

"मंग कापड बी फुकट," लालमहंमद म्हणाला आणि माझ्याकडं बोट दाखवलं. इतक्या सहज माझं आयुष्य ठरलं.

प्रोजेक्टर लातूरहून आला. बंद पडलेल्या एका शिकवणीच्या क्लासातला. बिचाऱ्यानं जन्मभर भौतिकशास्त्राची गणितं दाखवलेली, त्यामुळं स्वभावानं रुक्ष. तापला की रुसून बसतो. सिनेमे आणतात ज्योत्स्नाबाई. नांदेडला मुलांच्या चित्रपटांचं एक मंडळ चालवतात. परवानगी काढून गोळा केलेली मराठीतली कार्टून घेऊन त्या आज उमरीत, उद्या नायगावात, परवा इथं, अशा एसटीनं फिरतात. पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह आणि डब्यात दोन पोळ्या, एवढंच त्यांचं सामान. अशी माणसं जवळून बघायला मिळाली हे माझं भाग्य.

माझी मधली शिवण लालमहंमदनं मशीनवर मारली. कडेचं काम जोखमीचं. आत दोरी घालायची आणि वरून हातानं टाके घालायचे, नाहीतर वाऱ्यानं पडदा फाटणार. ते त्यानं आपल्या बायकोकडं, हुसेनबीकडं दिलं. हुसेनबीनं मला आतल्या खोलीत नेलं, दाराला कडी लावली आणि निळ्या पत्र्याच्या डब्यातून आपली कात्री काढली. त्या डब्याला घरात कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. सून उजमासुद्धा लावत नसे. "कोई देखे तो टाका बिगडता मेरा," असं हुसेनबी म्हणायची, आणि शिवणकाम नेहमी कडी लावूनच करायची.

तिचे टाके मात्र बघत राहावे असे. एकसारखे, बारीक, घट्ट. फक्त एक गोष्ट निराळी होती. लालमहंमदचे टाके ज्या अंगाला झुकतात, त्याच्या बरोबर उलट्या अंगाला हिचे झुकत होते. मला त्याचं कारण दिसत होतं, पण कापडाला बोलायची चोरी.

पहिल्याच खेळाला माझी फजिती झाली. खालची कड बांधायची कुणालाच आठवण नाही. वारा सुटला, माझं पोट फुगलं, आणि कार्टूनमधल्या हत्तीला दिवस गेले. चंद्रप्पाची बायको शिवकांता सुशीलाची परात घेऊन उभी होती. चुरमुऱ्यांची ही फोडणी ती दर खेळाला करते. ती म्हणाली, "अगं बाई, ह्याला तर नववा लागला!" त्या दिवशी बाजारतळ जो हसला, तो अजून माझ्या धाग्याधाग्यात आहे.

आता आमची खरी खासियत सांगतो. माझं अंग पातळ. समोरून पडलेलं चित्र माझ्या पाठीवरही तसंच उमटतं, फक्त डावं-उजवं बदलून. दुसऱ्या-तिसऱ्या खेळाला पुढं पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा हुसेनबी आणि मोहल्ल्यातल्या बायका माझ्या मागं, गोदामाच्या भिंतीकडं जाऊन बसल्या. तिथं वारा छान, पुरुषांची वर्दळ नाही, बुरखा सैल करून बसता येतं. ते बघून शिवकांताही तिकडं सरकली, मग तिच्या गल्लीतल्या सगळ्या. आजीला चिकटलेली पोरंही मागंच. तेव्हापासून रिवाजच पडला. पुढं मर्दानी टॉकीज, मागं जनानी टॉकीज, पडदा एकच. मागं अक्षरं उलटी दिसायची, पण मागच्या पोरांना वाटायचं, सिनेमाची अक्षरं अशीच असतात. त्यांना कुणी वेगळं सांगितलं नाही.

त्या मागच्या पोरांत नाजिया होती. हुसेनबीची नात, तिचा मुलगा मुज्तबा आणि उजमा यांची मुलगी, तिसरीत. चित्रं काढायचा भारी नाद. बिछायतीच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर बकऱ्या, बैल, मंडप काय वाट्टेल ते काढायची. पण काढायची डाव्या हातानं. लिहायचीही डाव्या हातानं, घासही डाव्याच हातानं उचलायची. आणि हुसेनबीला तेवढं खपत नव्हतं.

"सीदे हात से, नाज. सीदे हात से."

दिवसातून पन्नास वेळा हे वाक्य. नातीवर जीव ओवाळून टाकणारी बाई, पण डावा हात पुढं आला की तिचा चेहरा बदलायचा. शेवटी जेवताना आणि अभ्यासाला बसताना तिनं ओढणीच्या टोकानं पोरीचा डावा हात कमरेशी बांधायला सुरुवात केली. उजमाला ते बघवत नव्हतं, पण सासूपुढं बोलणार कोण? उजव्या हातानं नाजियाची बकरी खाटेसारखी दिसायला लागली. पोरगी मानी. वाईट काढण्यापेक्षा तिनं काढायचंच सोडलं. पावत्या कोऱ्याच पडू लागल्या.

आणि मग ज्योत्स्नाबाईंनी टिल्ली आणली.

टिल्ली ही सिनेमातली खार. जंगलाचे रंग उडून जातात, सगळं राखाडी होतं, आणि ही एवढीशी खार शेपटीच्या केसांचा ब्रश करून एकेक झाड पुन्हा रंगवते. सगळे तिला हसतात, ती रंगवत राहते. पोरं त्या खारीसाठी वेडी झाली. पुढच्या खेळाला दुसरा सिनेमा लावला तर "टिल्ली! टिल्ली!" असा गिल्ला झाला की बाईंनी हात टेकले. टिल्ली चार वेळा माझ्या अंगावरून गेली. मला तिच्या पावलांची सवय झाली होती.

पहिल्या वेळी टिल्लीनं ब्रश उचलला तेव्हा मागं बसलेली नाजिया ताडकन गुडघ्यांवर आली. तिनं आपल्या हाताकडं बघितलं, टिल्लीकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं लपून, एक झाड काढलं. डाव्या हातानं. मला हे ठाऊक आहे, कारण मी तिथंच वाळत होतो.

टिल्लीच्या चौथ्या खेळाच्या आधी मात्र घात झाला. माझ्या पायथ्याशी नाजिया आणि स्वप्नालीचं जुंपलं.

"टिल्ली माझ्यासारखी डावरी हाय," नाजिया म्हणाली.

"ह्या! ती तर उजव्या हातानं काढती. मी रोज पुढं बसती, मला ठाव न्हाई का?"

"अल्ला कसम, डाव्या!"

"आईच्यान उजव्या! चल पुढं, दावती."

दोघीही खरंच बोलत होत्या. नाजिया पहिल्यांदा पुढं येऊन बसली. टिल्लीनं ब्रश उचलला, उजव्या हातात. नाजिया उठली, मागं गेली. तिथं डाव्या हातात. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. तीन वेळा तिनं मला प्रदक्षिणा घातली. सिनेमा संपल्यावर तिनं ज्योत्स्नाबाईंचा पदर धरला.

"मॅडम, खरी टिल्ली कोणती? पुढची का मागची?"

"पुढची, बाळा. मागून सगळं उलटं दिसतं."

बाईंचा काय दोष? विचारलं त्याचं त्यांनी उत्तर दिलं. नाजिया काही रडली नाही. "मंग मागची खोटी," एवढंच म्हणाली आणि घरी निघून गेली. मला त्या वेळी जे वाटलं ते सांगायला लाज वाटत नाही. मला वाटलं, आपण लग्नाचं छत झालो असतो तर बरं झालं असतं.

पंधरा दिवस पोरगी मुकाट्यानं उजव्या हातानं जेवली. ओढणी बांधायची गरजच उरली नाही. हुसेनबी उजमाला म्हणाली, "बघ, सुधरली." पण तिच्या आवाजात म्हणावा तसा आनंद नव्हता.

पुढचा खेळाचा रविवार उजाडला. दुपारी धुऊन-वाळवून मला अंगणातल्या बाजेवर घडी घालून ठेवलं होतं. लालमहंमद आणि मुज्तबा टेम्पोत सतरंज्या भरत होते, उजमा स्वयंपाकघरात होती, हुसेनबी आत दुपारनंतरची असरची नमाज पढत होती. तेवढ्यात नाजिया आली. तिच्या हातात दुकानातली मोठी कात्री.

"तू खोटारडा हायस," ती मला म्हणाली.

तिनं कात्री डाव्या हातात धरून माझ्यावर चालवली. पाती मला चावली, पण कापलं काही नाही. मी दोन पात्यांमध्ये नुसता दुमडलो. तिनं पुन्हा चालवली, पुन्हा तेच. तिला त्याचं नवल नव्हतं. शाळेतली कागदाची कात्रीसुद्धा तिच्या हातात अशीच चावायची. मग रागाच्या भरात ती आत गेली आणि जे या घरात कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं. निळा डबा उघडला.

चर्रर्र. एका दमात हातभर.

दुखलं का? दुखलं तर. पण त्या कात्रीचा स्पर्श माझ्या ओळखीचा होता. माझ्या कडा याच कात्रीनं, अशाच हातातून कापल्या गेल्या होत्या.

नाजिया दगडासारखी उभी राहिली. तिनं कात्री उलटीपालटी करून पाहिली. खाली पडलेली एक पावती उचलली, डाव्या हातानं कापली. सरळ रेघ. आणखी एकदा. सरळ रेघ. मला फाडायला आलेली पोरगी, ते विसरूनच गेली.

दारात हुसेनबी उभी होती. नमाजेचा दुपट्टा अजून डोक्यावर. तिनं फाटलेला मी पाहिला, उघडा डबा पाहिला, आणि शेवटी नातीचा हात पाहिला. मी घरातलं दखनी बोलणं माझ्या मराठीत सांगतो, पण त्या दोघी काय बोलल्या ते शब्दन् शब्द मला आठवतं.

"दादी, मी पडदा फाडला."

"दिसून राहिलं."

"दादी, ही कात्री माझ्या हातात चालते. दुसरी कोणतीच चालत न्हाई. ही कशी चालते?"

हुसेनबी बाजेवर माझ्या शेजारी बसली.

"कारण ती आपल्या हाताची हाय," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. हुसेनबी जन्माची डावरी. तरुणपणी पाहुणे बघायला आले, तिनं सरबताचा ग्लास डाव्या हातानं पुढं केला, पाहुणे उठून गेले. असं दोनदा झालं. तिचे अब्बा दर्जी होते. त्यांनी उदगीरच्या एका लोहाराकडून उलट्या पात्यांची कात्री करून आणली, तिच्या हातात दिली आणि सांगितलं, बेटी, शिव, पण कडी लावून शिव. चाळीस-बेचाळीस वर्षं तिनं ती कडी काढली नव्हती.

"मला लोक बोलले, तसं तुला बोलू न्हाई म्हणून बांधत होते गं," हुसेनबी म्हणाली. "दुसरं काय न्हाई."

नाजियानं नुसता आपला डावा हात आजीच्या डाव्या हातावर ठेवला. दोन्ही हातांच्या करंगळ्या सारख्याच वाकड्या होत्या.

तेवढ्यात बाहेरून टेम्पोचा हॉर्न. "अम्मी, पडदा द्या! पोरं जमली!" मुज्तबा ओरडला.

वेळ कुठं होता? कडी लावून शिवायचं म्हटलं तर खेळ बुडाला. शिवाय फाटलेला पडदा वाऱ्यात टांगला की उभा चिरत जाणार, हे त्या घरात कुणाला सांगायला नको. दोनशे पोरं बाजारतळावर येऊन बसली होती, ज्योत्स्नाबाई तीन तास एसटीत बसून आल्या होत्या. हुसेनबीनं क्षणभर डोळे मिटले. मग निळा डबा काखेत मारला, मला उचललं, नातीचा हात धरला आणि टेम्पोत चढून बसली.

बाजारतळावर ती मागं गेली नाही. मागं उजेड नव्हता. ती पुढं, पुरुषांच्या, पोरांच्या, साऱ्या गावाच्या समोर मला मांडीवर घेऊन बसली. बिछायतीच्या कापडातला एक तुकडा ठिगळ म्हणून लावला, सुई ओवली आणि डाव्या हातानं टाका घातला. नाजिया समोर बसून दोन्ही हातांनी मला ताणून धरत होती.

गलका थांबला. चंद्रप्पाला मात्र तोंड बंद ठेवणं कधी जमलंय?

"भाभी, तुमी डाव्या हातानं शिवता?"

"हाव," हुसेनबी सुईवरची नजर न काढता म्हणाली. "जल्मापासून."

मग ती नवऱ्याकडं बघायला लागली. शेजारी लालमहंमद बॅटरीचा उजेड धरून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "मला काय बघती? तू कात्री काढून देती, तिला धार लावून कोण आणतंय दरसाल? तो धारवाला दर बारीला इचारतो, उलटी कात्री कुणाची? मी म्हणतो, घरच्या उस्तादाची."

हुसेनबीनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं, दोन थेंब, ठिगळाच्या जरा वर. शिवकांता परात घेऊन आली आणि म्हणाली, "आमच्यात बी माझी जाऊ डावरी होती. लई सुंदर रांगोळी काढायची." एवढं बोलून तिनं हुसेनबीच्या शेजारी बसकण मारली, आणि बाकीच्या बायकाही एकेक करून तिथं येऊन बसल्या. त्या रविवारी खेळ अर्धा तास उशिरा सुरू झाला. एकाही पोरानं शिटी मारली नाही.

घरी जाताना हुसेनबीनं नातीला ठणकावलं, "खायचं उजव्या हातानं, तेवढं माझं ऐकायचं. बाकी हात तुझा." नाजिया "हाव" म्हणाली. ती ते पाळते. निदान आजी बघत असताना तरी पाळते.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आता मी जुना झालोय. कडा मळल्यात, पोटावर ठिगळ आहे, एका कोपऱ्यात सुशीलाच्या हळदीचा डाग आहे, त्यामुळं हळदीची माझी हौसही फिटली. परवा लातूरच्या एका भल्या माणसानं चंद्रप्पाला फोन केला. नवा पडदा देतो म्हणाला, झकपक, पाठीला काळं अस्तर असलेला, चित्र कसं लखलखीत दिसेल. चंद्रप्पानं विचारलं, "मागून दिसंल का?" तो म्हणाला, "मागून कशाला बघायचं?" चंद्रप्पा अजून विचार करतोय. नवा जरूर आणा, मी कुठं अमरपट्टा घेऊन आलोय? पण एवढं माझं ऐका, काळ्या पाठीचा आणू नका.

ते बघा, पोरं आली. प्रोजेक्टर घरघरायला लागला. आज पोरांनी पुन्हा टिल्लीच मागून घेतलीय. ती ब्रश उचलेल तेव्हा तिचा हात बरोबर माझ्या ठिगळावर येतो, नीट बघा.

आणि ती बघा नाजिया. पाचवीत गेली. पुढं स्वप्नालीनं तिच्यासाठी चप्पल मांडून जागा धरलीय, पण ती थांबली नाही. पुढची टिल्ली खरी आणि मागची उलटी, हे आता तिला पक्कं ठाऊक आहे. सगळं ठाऊक असून ती वही-पेन्सिल घेऊन मागं चाललीय, दादीच्या शेजारी.

दिवे गेले. आता माझ्याकडं नका बघू. सिनेमा बघा.